हरलेल्याच्या दारातला झेंडा

त्या रविवारी हार्लन मॅकॅडूला घरात घ्यायचं नाही, असं मी सकाळीच जाहीर करून टाकलं होतं. नेडीन, माझी बायको, तेव्हा डुकराच्या मांसाचा थोरला तुकडा ओव्हनमध्ये सरकवत होती. तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. "ठीक आहे," ती म्हणाली, "मग एवढं सगळं तू एकटा खा."

तिचंही बरोबरच होतं. अलाबामातल्या आमच्या हॅलोवे गावात ही गोष्ट कोणाच्या मर्जीवर चालत नाही. अर्धं गाव डॅनबी कॉलेजचं, अर्धं पेटिग्रूचं. नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी दोघांची फुटबॉलची, म्हणजे चेंडू हातात धरून पळायच्या आमच्या अमेरिकन फुटबॉलची, मॅच होते, आणि जो हरेल त्याने पुढचा आठवडाभर जिंकलेल्यांचा झेंडा स्वतःच्या दारात मिरवायचा. प्रत्येक डॅनबीवाल्या घराची एका पेटिग्रूवाल्या घराशी जोडी ठरलेली. जिंकलेल्याने रविवारी चर्च सुटल्यावर झेंडा घेऊन यायचं आणि हरलेल्याने त्याला पोटभर जेवू घालायचं. कोर्टात एकमेकांचं तोंड न पाहणारे भाऊदेखील हा नेम मोडत नाहीत. आम्ही डॅनबीवाले, आमची जोडी पेटिग्रूवाल्या मॅकॅडूंशी, माझ्या बापाच्या काळापासूनची. मी आणि हार्लन शाळेच्या संघात एकत्र खेळलो. मी वेल्डिंगच्या धंद्यात पडलो, तो विमा विकायला लागला, पण दर मॅचला आमच्या गाड्या शेजारी-शेजारी लागायच्या. त्याच्या पिवळ्या तंबूखाली कोंबडी भाजली जायची, आमच्या डाळिंबी तंबूखाली शेंगा उकडायच्या, आणि दिवसभर आम्ही एकमेकांच्या संघाला यथेच्छ शिव्या द्यायचो.

आमची पोरंही तशीच वाढली. माझा वेल्डन आणि हार्लनचा ट्रेंट शाळेत एकाच संघात होते. ट्रेंटची आई लवकर गेली, त्यामुळे तो आमच्याच स्वयंपाकघरात मोठा झाला म्हटलं तरी चालेल. मग वेल्डन डॅनबीला गेला, ट्रेंट पेटिग्रूला. ट्रेंटचं काम चेंडू छातीशी धरून पळायचं, वेल्डनचं काम पळणाऱ्याला आडवं करायचं. गेली तीन वर्षं ते मैदानात एकमेकांना आपटायचे आणि मॅच संपली की आमच्या गाडीच्या पाठीमागे बसून एकाच ताटलीतून खायचे. या वर्षी दोघांचं शेवटचं वर्ष.

शनिवारी सकाळी मॅचच्या आधी हार्लनने मला त्याच्या गाडीमागे नेलं. आधी त्याने इकडेतिकडे पाहिलं. मला वाटलं, दारूची बाटली काढतोय. पण त्याचा चेहरा उतरलेला होता. त्याने सांगितलं, की ट्रेंटचा डावा गुडघा आतून फाटलाय. शेजारच्या राज्यातल्या एका डॉक्टरला गुपचूप दाखवलंय. कॉलेजला माहीत नाही. एप्रिलमध्ये व्यावसायिक संघ कॉलेजची पोरं निवडणार, तोवर ही गोष्ट बाहेर पडता कामा नये. मॅचला बाहेर बसवलं तर लोक विचारतील का बसवलं, म्हणून खेळवायचाच. पण त्या गुडघ्यावर एक जरी धडक नीट बसली, तर सगळं संपलं.

"वेल्डनला सांग," तो म्हणाला. "पायात नको घुसू म्हणावं. पाडायचं तर वरून पाड. आणि मी तुझ्याशी बोललो हे ट्रेंटला कळू देऊ नको, तो मला जिवंत सोडणार नाही."

मला राग आला होता, हे आत्ताच सांगतो. आपल्या पोराला मॅचमध्ये हात आखडता घ्यायला सांगणं म्हणजे काय, हे खेळलेल्या माणसाला कळतं. हार्लन स्वतः खेळलेला. पण त्याचे डोळे भरून आले होते आणि ट्रेंटला मी माझ्या हातांनी दूध पाजलंय. मी हो म्हटलं.

मॅचच्या आधी संघ बसमधून उतरून चाहत्यांच्या गर्दीतून चालत मैदानात जातो. आई-बाप वाटेत उभे असतात, पोरांना मिठी मारतात. वेल्डन माझ्याजवळ आला तेव्हा मी त्याच्या कानात ते सांगितलं. तो जरा मागे झाला, माझ्याकडे पाहिलं, आणि नुसतं "बरं" म्हणून पुढे निघाला.

मॅच अगदी शेवटाला आली होती आणि आम्ही चार गुणांनी पुढे होतो. पेटिग्रूला पुढे सरकायची शेवटची संधी. ट्रेंट चेंडू घेऊन सुटला, सगळ्यांना चुकवून मोकळ्यात आला, आणि समोर एकटा वेल्डन. वेल्डनचं पाडणं साऱ्या राज्याला ठाऊक आहे. तो वाकतो, खांदा समोरच्याच्या गुडघ्यात घालतो, आणि कितीही धिप्पाड गडी असो, तो पोत्यासारखा पडतो. त्या दिवशीही तो वाकला. मग अगदी शेवटच्या क्षणी सरळ झाला. आणि नेमकं त्याच क्षणी ट्रेंटने धडकेसाठी डोकं खाली घातलं. शिरस्त्राणावर शिरस्त्राण आदळल्याचा आवाज आमच्या रांगेपर्यंत आला.

ट्रेंट बराच वेळ उठला नाही. नेडीन माझ्या दंडात नखं रुतवून उभी होती. शेवटी तो उठला, चालत बाहेर गेला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पंचांनी चित्रफीत पाहिली आणि वेल्डनला मैदानाबाहेर काढलं. डोक्यावर मारलं की बाहेर, असा नियमच आहे. वर पेटिग्रूला पंधरा यार्ड पुढे सरकायला फुकट मिळाले, दोन खेळ्यांत त्यांनी चेंडू शेवटच्या रेषेपार नेला, आणि आम्ही हरलो.

इथपर्यंत मी कोणाला दोष देत नाही. खेळ आहे. पण घरी परतताना नेडीनने फोनवर बातम्या लावल्या आणि त्यात हार्लन दिसला. पिवळी टोपी, पुढे वार्ताहराचा माइक. "या पोराला मी पाळण्यात पाहिलंय," हार्लन म्हणत होता. "माझ्या टेबलावर जेवलाय तो. असा घाणेरडा मार तो मारेल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं."

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला तिथे त्या कडेला कळलं. ज्याने पदर पसरला, त्यानेच माझ्या पोराचा केसाने गळा कापला होता.

रविवारी वेल्डन सकाळीच गावात आला. रात्री कोणीतरी आमच्या हिरवळीवर कचऱ्याच्या पिशव्या रिकाम्या केल्या होत्या, तो त्या उचलत बसला. हे आमच्याच डॅनबीवाल्यांचं काम, कारण पेटिग्रूवाले जिंकल्यावर असलं करत नाहीत. त्याच्या फोनवर काय काय लिहून येत होतं ते त्याने मला दाखवलं नाही. मग गँट सरांचा फोन आला. गँट सर आमच्या शाळेचे मुख्याध्यापक. वेल्डन व्यावसायिक संघात जाण्याइतका दांडगा नाही, हे त्याला केव्हापासून माहीत होतं. त्याला शाळेच्या पोरांना फुटबॉल शिकवायचं होतं, त्याच मैदानावर. लहानपणापासून तो दुसरं काही मागत नव्हता. गँट सरांनी वसंतात नोकरी द्यायचं कबूल केलं होतं. आता ते म्हणाले, की पालकांचे फोन येताहेत. डोक्यावर मारणाऱ्याच्या हाती आमची पोरं कशी द्यायची, असं विचारतात. थोडं थांबू, बघू. मी शेजारी उभा राहून सगळं ऐकत होतो. वेल्डन "हो सर, हो सर" एवढंच म्हणत होता.

फोन ठेवल्यावर मी त्याला सांगितलं, की खरं काय ते सगळ्यांना सांगून टाक. तो कचऱ्याची पिशवी बांधत म्हणाला, "काय सांगू, बाबा? मॅच हातात असताना मी मित्राला जपायला गेलो, असं सांगू? माझ्याबरोबर खेळणारी पोरं मला दारात उभं करतील?" तो बोलला तर स्वतःच्या संघाचा गद्दार, गप्प बसला तर घाणेरडा. यावरचं उत्तर एकाच माणसाजवळ होतं, आणि तो माणूस चर्च सुटल्यावर झेंडा घेऊन माझ्याच दारात येणार होता.

तो आला. पिवळा टाय, काखेत घडी घातलेला पिवळा झेंडा. मागून ट्रेंट. पायऱ्या चढताना त्याने कठड्याला हात लावला, पण रस्त्यावरून कोणाला काही कळलं नसतं. रस्त्यावर लोक होतेच. झेंडे चढताना बघायला गाड्या सावकाश फिरतात, लोक आपापल्या हिरवळीवर खुर्च्या टाकून बसतात. त्यांच्यासमोर दार लावून घेण्याची माझी फार इच्छा होती. नेडीनने आधीच जाळीचं दार उघडलं होतं.

जेवायला बसलो. ट्रेंट वेल्डनच्या समोर बसला, पण त्याने एकदाही वर पाहिलं नाही. त्याच्या कपाळावर निळं टेंगूळ होतं. जिंकलेल्याने जेवणाआधीची प्रार्थना म्हणायची असते. हार्लनने हात जोडले, डोळे मिटले, अन्नाबद्दल आभार मानले, शेजाऱ्यांबद्दल आभार मानले आणि म्हणाला, की दोन्ही पोरं धडधाकट घरी आली याबद्दल देवा तुझे उपकार. माझं डोकं तिथे फिरलं.

मी म्हटलं, "हार्लन, काल गाडीमागे माझ्याशी काय बोललास, ते पोराला सांगितलंस का?"

हार्लनने डोळे उघडले. असा गरीब चेहरा केला की त्याला कोणीही माफ केलं असतं. विमा विकताना तो असाच चेहरा करतो.

"कुठलं बोलणं?" ट्रेंट म्हणाला.

हार्लनने पाण्याचा पेला जवळ ओढला. म्हणून मी सांगितलं. गुडघा, शेजारच्या राज्यातला डॉक्टर, एप्रिल, पायात नको घुसू, वरून पाड, सगळं. शब्द त्याचेच वापरले. नेडीन मध्येच म्हणाली, की रॉस्को, आवाज खाली, रस्त्यावर लोक आहेत. मी आवाज खाली केला, पण थांबलो नाही. टीव्हीवरचंही सांगितलं, कारण ते ट्रेंटने पाहिलं असणारच, पण त्याच्या मागे काय होतं ते त्याला कळायला हवं होतं.

हार्लनला मग बोलावंच लागलं. ट्रेंट पडलेला पाहून आपण घाबरलो होतो, असं म्हणाला. माइक तोंडापुढे आला. वेल्डनची बाजू घेतली असती तर वार्ताहराने विचारलं असतं, तुम्हाला काय माहीत. एकातून दुसरं निघालं असतं. एप्रिल झाला की आपण स्वतः सगळ्यांना सांगणार होतो, देवाशप्पथ. मी त्याला विचारलं, की एप्रिलपर्यंत माझ्या पोराने काय करायचं, हिरवळ झाडायची? त्यावर त्याने ताटलीतल्या मांसाचे बारीक बारीक तुकडे केले. एकही खाल्ला नाही.

ट्रेंट मात्र बापाकडे बघत नव्हता. तो आता पहिल्यांदाच समोर बघत होता.

"म्हणून वर आलास?" त्याने विचारलं.

"हो," वेल्डन म्हणाला.

"वरून पाडायला तुला कधी आलंय? शाळेपासून तुला एकच येतं, पायात घुसायचं."

"तूही नेमकं तेव्हाच डोकं खाली घातलंस."

"मला वाटलं तू पायातच येतोयस, गाढवा." मग ट्रेंट म्हणाला, "रात्री फोन केलास. मी उचलला नाही."

"कळलं ते मला," वेल्डन म्हणाला.

ट्रेंट खुर्ची मागे सारून उठला. दाराबाहेर लोक आहेत तर त्यांनाच सांगतो, म्हणाला, कसला घाणेरडा मार नि कसलं काय. त्याने डाव्या पायाची पँट गुडघ्याच्या वर ओढायला सुरुवात केली. आत पट्ट्या गुंडाळलेल्या होत्या. हार्लन उठला, त्याचा पेला लवंडला. पण हार्लनच्या आधी वेल्डनने टेबलावरून हात लांबवून ट्रेंटची बाही धरली.

"बस खाली," तो म्हणाला. "मी मॅच घालवली ती त्या गुडघ्यापायी. आता तूच तो उघडा करून गावभर फिरलास तर मी कशाला हरलो?"

"आणि नोकरी?"

"बघू."

ट्रेंट बसला नाही, पण दाराकडेही गेला नाही. मी वेल्डनवर खवळलो होतो. माझं पोर सगळं अंगावर घेत होतं, ज्यांनी त्याला तोंडघशी पाडलं त्यांच्यासाठी, आणि तेही मी घरचा कर्ता समोर बसलेलो असताना. नेडीनने टेबलाखालून माझा हात घट्ट धरला होता. मला शांत करायला की स्वतःला, कोण जाणे.

मग ट्रेंटने बाजूच्या फळीवरचा पिवळा झेंडा उचलला आणि बापाच्या मांडीवर ठेवला. नेडीनला म्हणाला, "काकू, तुमचा झेंडा कुठे ठेवलाय?"

आमचा डाळिंबी झेंडा मी सकाळीच उतरवून ओसरीतल्या बाकावर ठेवला होता. नेडीनने तिकडे बोट केलं.

"हा आठवडाभर आमच्या दारात लागेल," ट्रेंट म्हणाला. "तुमच्या दारात काही लागणार नाही."

हार्लनला ते आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा तो म्हणाला, की असं कधी झालेलं नाही, जिंकलेल्याच्या घरावर हरलेल्यांचा झेंडा, गाव काय म्हणेल.

"गाव विचारेल," ट्रेंट म्हणाला. "गुडघ्याचं माझ्या तोंडून निघणार नाही, हा वेल्डनला माझा शब्द. पण ज्याने घाणेरडं मारलं त्याचा झेंडा कोणी स्वतःच्या दारात लावत नाही, एवढं लोकांना कळतं. मला विचारलं तर मी सांगेन की बाबांना विचारा. तुम्ही काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा."

तो ओसरीत गेला, झेंडा खांद्यावर टाकला आणि पायऱ्या उतरून भर रस्त्याने घराकडे चालू लागला. वेल्डन त्याच्या मागे धावला, पाय सांभाळ म्हणून नव्हे, तर झेंड्याचं टोक जमिनीवर घासत होतं म्हणून. त्याने ते टोक उचलून धरलं. खुर्च्यांतले लोक उभे राहिले. एका गाडीने हॉर्न द्यायला सुरुवात केली आणि मध्येच थांबवली, कारण हॉर्न कोणासाठी द्यायचा हेच त्या माणसाला कळेना.

टेबलावर मी, नेडीन आणि हार्लन उरलो. हार्लन मांडीवरचा पिवळा झेंडा चाचपत होता. "रॉस्को, काहीतरी बोल," तो म्हणाला.

मी म्हटलं, "जेव. रीत आहे म्हणून जेवून जा. आणि पुढच्या वर्षी माझ्या शेजारी गाडी लावू नकोस."

त्याने थोडं खाल्लं. मग झेंडा काखोटीला मारून गेला.

आठवड्यात काय व्हायचं ते झालं. हार्लनच्या चौकातल्या घरावर डाळिंबी झेंडा फडफडत राहिला आणि सगळं गाव तिथून जाऊन आलं. पोस्टमनने विचारलं, पाद्र्यांनी विचारलं, हार्लनच्या गिऱ्हाइकांनी विचारलं. ट्रेंट कॉलेजला परत गेला होता, त्यामुळे उत्तर द्यायला हार्लन एकटाच उरला. आधी तो म्हणे पोरांची गंमत आहे. ते कोणी मानलं नाही. शेवटी गँट सर स्वतः त्याच्या दारात गेले, आणि हार्लनला म्हणावं लागलं, की शनिवारी मी रागाच्या भरात खोटं बोललो, वेल्डन तसला पोरगा नाही, पाहिजे तर मी लिहून देतो. का खोटं बोललो, ते त्याने सांगितलं नाही. गँट सरांनी वेल्डनला फोन करून सांगितलं, की वसंतात ये, ठरल्याप्रमाणे.

वेल्डनने ही बातमी सांगितली तेव्हा तो हसत होता. "हार्लनकाकांवर आता चिडू नका," तो म्हणाला. त्याने माफ केलं, ते त्याचं मोठेपण. माझ्यात ते नाही आणि मी ते आणायलाही जाणार नाही. माणूस घाबरतो, हे मला समजतं. पण घाबरून त्याने ढकललं कोणाला, तर त्याच्याच पोराला जपणाऱ्याला. हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

शनिवारी संध्याकाळी झेंडे उतरवायचे असतात. मी आणि नेडीन बाजारातून येत होतो. हार्लन आपल्या अंगणात शिडीवर चढून आमचा झेंडा सोडवत होता. उतरल्यावर त्याने तो नीट झटकला, चौकोनी घडी घातली, जमिनीला लागू दिला नाही. आमची गाडी पाहून त्याने हात वर केला.

माझे दोन्ही हात स्टिअरिंगवरच राहिले. नेडीनने काच खाली केली आणि त्याला हात हलवून दाखवला. मी गाडी हळू केली नाही.